पदव्युत्तर संशोधन: प्रश्न ठरवण्यापासून प्रबंधापर्यंत

पदवीपर्यंतच्या शिक्षणात प्रश्न दुसऱ्या कोणीतरी काढलेला असतो आणि त्याचे उत्तरही कुठेतरी लिहून ठेवलेले असते. पदव्युत्तर संशोधनात ही सोय राहत नाही. प्रश्न स्वतः शोधावा लागतो, तो शोधण्याजोगा आहे हे इतरांना पटवून द्यावे लागते आणि हाती आलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे पारखण्याची रीतही स्वतःच ठरवावी लागते. परीक्षेत सतत पहिले आलेले विद्यार्थीही सुरुवातीच्या वर्षात गोंधळून जातात, ते बहुधा यामुळेच. पुढील मार्गदर्शन विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या या सर्वच शाखांतील विद्यार्थ्यांना उपयोगी पडावे अशा बेताने लिहिले आहे. त्यात एका गोष्टीवर मुद्दाम भर दिला आहे: प्रबंधातल्या कोणत्याही विधानावर बोट ठेवले, तरी तिथून मागे जात मूळ नोंदीपर्यंत कोणालाही पोहोचता आले पाहिजे. वाचन, नोंदी, आकडेमोड आणि लेखन या सर्वांच्या सवयी या एका अपेक्षेतून ठरवल्या, तर पुढची बरीच धावपळ वाचते.

विषयातून प्रश्न काढणे

विषय आणि संशोधनप्रश्न यांतला फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्यावा. ‘किशोरवयीन मुले आणि मोबाइल’ हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर वाचता येईल, पण त्याचे उत्तर देता येणार नाही, कारण त्यात काही विचारलेलेच नाही. ‘मोबाइलमुळे मुलांची झोप बिघडते का?’ हा प्रश्न खरा, परंतु कोणती मुले, किती वापर आणि झोप बिघडणे म्हणजे नेमके काय, हे त्यात मोकळेच राहते. ‘१५ ते १७ वयोगटातील विद्यार्थ्यांनी झोपण्यापूर्वीच्या एका तासात केलेला मोबाइलचा वापर आणि त्यांना झोप लागण्यास लागणारा वेळ यांचा परस्परसंबंध आहे का?’ इथपर्यंत आल्यावर मात्र काय मोजायचे, कोणाकडून माहिती घ्यायची आणि कामाला साधारण किती महिने लागतील, हे सगळे दिसू लागते. मानव्यविद्यांतही हेच लागू होते. एखाद्या नियतकालिकाचा सामाजिक दृष्टिकोन तपासायचा असेल, तर कोणत्या वर्षांचे अंक, त्यांतील कोणता मजकूर आणि तो कोणत्या निकषावर वाचायचा, हे ठरल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

प्रश्न एका वाक्यात लिहून त्याखाली तीन गोष्टींची उत्तरे लिहावीत. उत्तर ‘होय’ आले काय किंवा ‘नाही’ आले काय, दोन्ही वेळा ते जाणून घेण्यासारखे आहे का? त्यासाठी लागणारी साधने, कागदपत्रे किंवा माणसे खरोखर आपल्या आवाक्यात आहेत का? आणि आपला अंदाज चुकीचा आहे हे मान्य करण्यासाठी आपल्याला काय दिसावे लागेल? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सुचत नसेल, तर आपण संशोधन करण्याऐवजी आधीच ठरवून ठेवलेल्या मतासाठी पुरावे गोळा करायला निघालो आहोत असे समजावे आणि प्रश्न पुन्हा मांडावा. प्रश्न फार लहान झाला अशी भीती विद्यार्थ्यांना नेहमी वाटते. ती बहुतेक वेळा अनाठायी असते. लहान दिसणारा प्रश्न काम सुरू झाल्यावर फुगतच जातो, आणि अवाढव्य प्रश्न घेऊन बसलेला विद्यार्थी तिसऱ्या वर्षी घाईघाईने तो छाटत बसतो.

मार्गदर्शकांशी असलेले नाते या टप्प्यावरच घडते. भेटीच्या दोन दिवस आधी एका पानाचे टिपण पाठवावे. त्यात मागच्या भेटीनंतर काय झाले, कुठे अडले आणि या वेळी कोणता निर्णय हवा आहे, एवढेच असावे. भेट झाल्यावर त्याच दिवशी ‘आज असे ठरले’ अशी चार ओळींची ईमेल पाठवून ठेवावी. मार्गदर्शक कामात बुडालेले असतात, त्यांना मागचे सगळे आठवेल असे धरून चालू नये, आणि लेखी नोंद असली की पुढे गैरसमजाला जागा उरत नाही. शोधनिबंधावर कोणाची नावे कोणत्या क्रमाने येणार, हा अवघड वाटणारा विषयही काम सुरू होतानाच काढावा. निबंध तयार झाल्यावर तो काढला की मने दुखावतात.

वाचन: मूळ लेख उघडल्याशिवाय संदर्भ देऊ नये

वाचनाची सुरुवात त्या विषयावरील अलीकडच्या आढावा लेखांपासून, म्हणजे त्या विषयावर झालेले संशोधन एकत्र मांडणाऱ्या लेखांपासून, करावी. एका चांगल्या आढावा लेखातून महत्त्वाचे दहा-पंधरा निबंध हाती लागतात. मग त्या निबंधांच्या संदर्भसूचीतून मागे जावे आणि त्यांचा संदर्भ पुढे कोणी दिला हे गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधण्याच्या संकेतस्थळावर पाहून पुढे यावे. नवे निबंध उघडल्यावर त्यांच्या संदर्भसूचीतील बहुतेक नावे ओळखीची वाटू लागली, की त्या प्रश्नापुरते वाचन पुरेसे झाले असे समजण्यास हरकत नाही. शोधताना कोणते शब्द, कोणत्या संग्रहात, कोणत्या तारखेला वापरले हेही लिहून ठेवावे, कारण आढाव्याचे प्रकरण लिहिताना ते सांगावे लागते.

प्रत्येक निबंध पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचण्याची गरज नसते. आधी गोषवारा, तक्ते, आकृत्या आणि निष्कर्ष पाहावेत. निबंध आपल्या कामाचा आहे असे वाटले तर संशोधनपद्धतीचा भाग सावकाश वाचावा. विद्यार्थी हाच भाग सर्वाधिक वगळतात, पण निष्कर्षावर किती विश्वास ठेवायचा हे तिथेच कळते. नमुना किती होता, कोणाला वगळले, मोजमाप कशाने केले, तुलना कशाशी केली, हे वाचताना समासात प्रश्न लिहीत जावे. शेवटी प्रत्येक निबंधासाठी स्वतःच्या शब्दांत चार-पाच ओळी लिहाव्यात: लेखकांनी काय विचारले, कसे शोधले, काय आढळले, मला कोणती शंका आहे आणि माझ्या प्रश्नाशी याचा संबंध काय. जे वाक्य जसेच्या तसे उतरवले असेल, त्याला उतरवतानाच अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक द्यावा. वाङ्मयचौर्याचे कितीतरी प्रकार हेतुपुरस्सर नसतात. वर्षभरापूर्वीच्या टिपणातले वाक्य आपले की दुसऱ्याचे, हेच लिहिताना आठवत नाही. संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरोसारखी मोफत प्रणाली पहिल्याच आठवड्यात बसवून घ्यावी. संदर्भसूची हाताने तयार करण्यात वेळ घालवण्याचे आता काही कारण राहिलेले नाही.

दुसऱ्याच्या निबंधात दिलेला संदर्भ मूळ लेख न उघडता आपल्या निबंधात उतरवणे ही सवय किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला माहीत असावे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसनाचा इतिहास नसलेल्या केवळ चार जणांमध्ये व्यसन जडल्याची नोंद आढळली, असे त्यात म्हटले होते. घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्या रुग्णांविषयी ते पत्र काहीच सांगत नव्हते. त्याच नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार या पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता. त्यांपैकी ७२ टक्के ठिकाणी ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून तो आला होता, आणि सुमारे ८० टक्के लेखकांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्ट नमूदच केली नव्हती. पाच वाक्ये वाचायला दोन मिनिटे पुरतात. म्हणून नियम साधा ठेवावा: जो लेख स्वतः उघडून पाहिला नाही, तो संदर्भसूचीत येऊ द्यायचा नाही. तो मिळतच नसेल, तर ज्या लेखात त्याचा उल्लेख वाचला तो लेख दाखवून तसे स्पष्ट लिहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी सुचवलेल्या संदर्भांना हा नियम अधिकच काटेकोरपणे लावावा, कारण अस्तित्वातच नसलेले निबंध ही साधने खऱ्यासारख्या शीर्षकासह आणि लेखकांच्या नावांसह देऊ शकतात. शिवाय आपल्या विद्यापीठात आणि नियतकालिकात अशा साधनांच्या वापराचे काय नियम आहेत, ते आधी पाहून घ्यावे.

माहिती गोळा करण्यापूर्वी

माणसांकडून माहिती घ्यायची असेल, तर नैतिकता समितीची मंजुरी माहिती गोळा करण्याच्या आधी घ्यावी लागते. नंतर मागितलेली मंजुरी चालत नाही. ही केवळ कार्यालयीन औपचारिकता आहे असे मानणे चुकीचे आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता त्यांचे केवळ निरीक्षण केले गेले; पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले गेले नाही आणि आपल्या बाबतीत काय चालले आहे हेही त्यांना सांगितले गेले नाही. आज संमतीपत्रावर जी साधी वाक्ये आपण लिहितो, त्यांच्यामागे असा इतिहास आहे. संमतीपत्र वाचणाऱ्याला समजेल अशा भाषेत असावे, केव्हाही माघार घेण्याची मोकळीक त्यात स्पष्ट लिहावी, आणि नावांऐवजी संकेतांक वापरून नाव-संकेतांकाची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी.

विश्लेषण कसे करणार, हेही आधीच लिहून काढावे. संबंध नसतानाही तो आहे असे चुकून ठरण्याची शक्यता एका चाचणीत ५ टक्के राहावी, म्हणजे ०.०५ ही मर्यादा धरून एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर प्रत्यक्षात कुठलाच संबंध नसतानाही किमान एक ‘लक्षणीय’ निकाल मिळण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. माहिती हाती आल्यावर इकडून तिकडून गट पाडून पाहणारा विद्यार्थी प्रामाणिक असूनही या सापळ्यात अडकतो. म्हणून मुख्य चाचणी कोणती, नमुना किती, कोणत्या नोंदी वगळणार आणि का, हे तारखेसह लिहून ठेवावे. शक्य असल्यास ‘ओपन सायन्स फ्रेमवर्क’सारख्या संशोधनाचे आराखडे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर त्याची पूर्वनोंदणी करावी. माहिती पाहिल्यावर सुचलेले विश्लेषण करण्यास बंदी नाही, मात्र ते नंतर सुचले हे निबंधात सांगावे. सगळे सुरू करण्यापूर्वी पाच-सहा जणांवर किंवा थोड्या सामग्रीवर चाचणी घेऊन पाहावी. प्रश्नावलीतला जो प्रश्न आपल्याला स्वच्छ वाटतो, तो उत्तर देणाऱ्याला भलताच वाटतो, हे तेव्हाच समजते.

नोंदी आणि फाइली

रोजची नोंदवही ठेवावी, कागदी किंवा संगणकावरची. काय केले, का केले, काय अपेक्षित होते आणि काय दिसले, हे त्याच दिवशी लिहावे. विचित्र वाटलेल्या गोष्टी तर आवर्जून लिहाव्यात. १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसेलिन बेल ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी नव्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत होती. क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची अत्यंत तेजस्वी केंद्रे, शोधणे हे तिचे काम होते आणि यंत्रातून दररोज सुमारे ३० मीटर कागद बाहेर पडे. तो तिला डोळ्यांनी पाहावा लागे. त्यात एक लहानसा अस्ताव्यस्त भाग तिला दिसला, जो ताऱ्यासारखाही नव्हता आणि माणसाने निर्माण केलेल्या अडथळ्यासारखाही नव्हता. आकाशाच्या त्याच भागातून असे काही आपण पूर्वी पाहिले आहे, हे तिला आठवले, आणि जुने कागद काढून तिने ते पडताळून पाहिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये कागद वेगाने फिरवून नोंद घेतल्यावर सुमारे १.३३ सेकंदांच्या नियमित अंतराने येणारे ठोके स्पष्ट दिसले. पल्सारचा, म्हणजे वेगाने फिरत नियमित ठोके पाठवणाऱ्या ताऱ्याचा, शोध तो हाच. तो लागला, कारण जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या होत्या आणि त्या आकाशातील स्थानाशी जुळवून पाहता येत होत्या. नको असलेली खूण म्हणून तो भाग तिने सोडून दिला असता, तर त्या वेळी तिला कोणी दोष दिला नसता.

मूळ माहितीची फाइल एकदा जतन केली की तिला पुन्हा हात लावू नये. दुरुस्त्या, वगळणे, नवे स्तंभ जोडणे हे सर्व तिच्या प्रतीवर करावे, आणि शक्य असेल तिथे हाताने बदल करण्याऐवजी ते बदल करणारा प्रोग्रॅम लिहून तो जपावा. फाइलच्या नावात वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख लिहिली, तर त्या आपोआप क्रमाने लागतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ अशी नावे देऊ नयेत. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, ही जुनी रीत आजही उत्तम आहे.

स्प्रेडशीटच्या बाबतीत जास्त सावध राहावे. तिच्यात सूत्र कुठवर लागू झाले आहे, हे वरवर पाहून कळत नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली एका निबंधात असे दाखवले होते की, ज्या देशांचे सार्वजनिक कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ९० टक्क्यांहून अधिक असते, त्यांचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्का असतो. सरकारी खर्चात कपात करावी की नाही, या वादात जगभर या आकड्याचा आधार घेतला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील टॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गातील स्वाध्याय म्हणून एखाद्या प्रसिद्ध निबंधातील आकडे पुन्हा काढून दाखवायचे होते. त्याने हा निबंध निवडला. आकडे काही केल्या जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. शिवाय काही वर्षांची उपलब्ध माहिती वगळलेली होती आणि सरासरी काढताना कोणत्या देशाला किती वजन द्यायचे, याची रीतही वादाची होती. हे सर्व दुरुस्त केल्यावर, त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह २०१३ साली दाखवून दिले की, तोच सरासरी दर अधिक २.२ टक्के येतो. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली, पण आपला मुख्य मुद्दा कायम असल्याचे म्हटले. विद्यार्थ्याने यातून दोन गोष्टी कराव्यात. आपल्या विषयातील एका महत्त्वाच्या निबंधाचे आकडे सुरुवातीलाच स्वतः काढून पाहावेत. इतके शिकवणारा दुसरा स्वाध्याय मला माहीत नाही. आणि आपली स्वतःची आकडेमोड निबंध पाठवण्यापूर्वी एखाद्या सहाध्यायाकडून मूळ फाइलपासून पुन्हा करून घ्यावी.

लेखन आणि प्रकाशन

सगळे काम झाल्यावर लिहायला बसू, असे ठरवू नये. संशोधनपद्धतीचा भाग काम चालू असतानाच लिहावा, कारण त्यातले तपशील सर्वांत लवकर विसरले जातात. त्यानंतर मुख्य तक्ते आणि आकृत्या तयार करून त्यांचा क्रम लावावा, त्यांच्याभोवती निष्कर्ष लिहावेत, आणि प्रस्तावना व गोषवारा शेवटी घ्यावा. प्रत्येक विधानाची क्रियापदे तपासावीत. पाहणीतून दोन गोष्टी बरोबरीने वाढताना दिसल्या असतील, तर ‘संबंध आढळला’ एवढेच लिहिता येते. ‘मुळे’ हा प्रत्यय लावण्यासाठी वेगळ्या प्रकारचा पुरावा लागतो. मर्यादांचा परिच्छेद उरकण्यापुरता लिहू नये. कोणत्या मर्यादेमुळे निष्कर्ष कोणत्या दिशेने झुकला असेल, हे जो विद्यार्थी स्वतः सांगतो, त्याचे उरलेले म्हणणे परीक्षक विश्वासाने वाचतात.

नियतकालिक निवडताना आपण ज्यांचे निबंध वाचले ते कुठे छापून आले, हे पाहिले की उत्तर बहुधा मिळते. काही दिवसांत स्वीकृतीची हमी देणारी, न विचारता ईमेल पाठवून निबंध मागणारी आणि शुल्काचा आकडा लपवणारी नियतकालिके टाळावीत. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर तिथे आहेत का, हे त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर पाहता येते. समीक्षकांचे अभिप्राय आले की पहिल्या दिवशी फक्त वाचावेत आणि उत्तर लिहायला दोन-तीन दिवसांनी बसावे. प्रत्येक अभिप्राय जसाच्या तसा उतरवून त्याखाली आपण काय बदलले आणि ते कोणत्या पानावर, हे लिहावे. समीक्षकाला मुद्दा कळला नाही असे वाटले, तर बहुतेक वेळा आपलेच वाक्य धूसर असते, म्हणून आधी ते सुधारावे. एखादी सूचना खरोखरच अयोग्य असेल, तर ती का स्वीकारली नाही हे पुराव्यासह, सभ्य शब्दांत सांगावे. संपादक असे उत्तर मान्य करतात.

प्रबंध सादर करण्यापूर्वी मूळ माहिती, वापरलेले प्रोग्रॅम आणि प्रत्येक स्तंभाचा अर्थ सांगणारी एक साधी मजकूर-फाइल एका फोल्डरमध्ये एकत्र करावी, आणि गोपनीयतेच्या अटींत बसेल तेवढा भाग विद्यापीठाच्या किंवा विषयाच्या संग्रहात ठेवावा. प्रबंधातील प्रत्येक तक्त्यासमोर तो कोणत्या फाइलमधून आला, हे एका कागदावर लिहून काढावे. हे काम मौखिक परीक्षेच्या आधीच पूर्ण करावे, कारण परीक्षकांनी एखाद्या आकड्याविषयी विचारले, तर त्याची फाइल तिथल्या तिथे उघडून दाखवता आली पाहिजे.